पनीरचं पाणी, चक्क्याचं पाणी: कुठलं कशात घालायचं

एक लिटर म्हशीच्या दुधाचं पनीर केलं की २०० ते २३० ग्रॅम पनीर हाती लागतं आणि जवळजवळ पाऊण लिटर पाणी उरतं. त्याच दुधाचं दही लावून रात्रभर टांगलं तर साधारण ४०० ग्रॅम चक्का आणि अर्ध्या लिटरच्या वर पाणी. गाईच्या दुधाचं पाणी याहून जास्त सुटतं. दोन्हीला निवळीच म्हणतात आणि दोन्ही दिसतात सारखीच, हिरवट पिवळी आणि बऱ्यापैकी पारदर्शक. स्वयंपाकात मात्र एकीच्या जागी दुसरी घातली की पदार्थ बिघडतो. पनीरची निवळी साध्या पाण्याच्या जागी वापरायची (डाळ-कडधान्यं शिजवायला मात्र कुठलीच नाही), चक्क्याची ताकाच्या जागी. पोळी का बिघडली, आमटी का नको तितकी आंबली, या तक्रारींमागे कधी कधी ही अदलाबदल असते.

आधी एक गैरसमज दूर करू. निवळी म्हणजे प्रोटीनचा खजिना, असं सर्रास सांगितलं जातं. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं, ते पनीरमध्ये किंवा चक्क्यात जातं. उरलेली २० टक्के प्रथिनं निवळीत उतरायला हवीत, पण आपण दूध उकळूनच वापरतो. उकळताना ती प्रथिनं केसीनला चिकटतात आणि त्यातली बरीचशी पनीरबरोबरच निघून जातात. म्हणजे घरच्या निवळीच्या एका पेल्यात ग्रॅम-दीड ग्रॅमपेक्षा फार काही मिळत नाही. व्यायामशाळेत खपणारी व्हे पावडर चीजच्या कारखान्यातली निवळी गाळून, आटवून, वाळवून केलेली असते. आपल्या पातेल्यातल्या पाण्याशी तिची तुलना नको. इटलीत चीजची निवळी तापवून रिकोटा नावाचं मऊ चीज काढतात, तो प्रयोग पनीरच्या पाण्यावर करणाऱ्यांच्या हाती म्हणूनच चिमूटभर कण्या लागतात. जे गोळा व्हायचं ते पनीरमध्ये आधीच गेलेलं असतं.

मग उरतं काय? सुमारे ९३-९४ टक्के पाणी, साडेचार-पाच टक्के दुग्धशर्करा, कॅल्शियम-पोटॅशियमसारखे क्षार, ब-२ जीवनसत्त्व (हिरवट रंग त्याचाच) आणि आंबटपणा. साखर, क्षार आणि आंबटपणा ही तिन्ही स्वयंपाकात आपापलं काम करतात. निवळी वापरायची ती त्यासाठी.

हातातली निवळी ओळखा

पनीर कशानं फाडलं यावर निवळीचं भवितव्य ठरतं. सायट्रिक आम्लानं फाडलं तर (लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा, अर्धा कप गरम पाण्यात विरघळवून) निवळी जवळजवळ बिनवासाची निघते आणि कुठेही चालते. लिंबानं फाडली तर लिंबाचा वास राहतो. सरबत, भात, सार यांना तो शोभतो, पोळीला नाही. व्हिनेगरची निवळी मसालेदार रश्श्यांपुरतीच ठेवावी. दह्यानं फाडलेली चवीला सगळ्यांत गोल लागते.

फाडताना पाणी दुधाळ राहिलं तर काम अर्धवट झालंय. दूध पुरेसं तापलेलं नव्हतं किंवा आंबट कमी पडलं. पुन्हा ८० अंशांच्या वर, म्हणजे कडेला बुडबुडे येऊन वाफा निघेपर्यंत तापवा आणि चमचा-चमचा आंबट घाला. पाणी हिरवट निवळ दिसलं की थांबा. त्यानंतर घातलेला प्रत्येक थेंब पनीर कडक करतो आणि निवळी उगाच आंबवतो.

चक्क्याच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. पहिल्या दोन-तीन तासांत गळणारं पाणी सौम्य असतं, पहाटेपर्यंत गळलेलं चांगलंच आंबट. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० अंशांवर असताना दही बाहेर टांगणं म्हणजे चक्का आणि निवळी दोन्ही आंबवणं. पहिला तासभर बाहेर, मग चाळणीत पुरचुंडी ठेवून खाली पातेलं आणि सगळं फ्रिजमध्ये, हा उन्हाळ्यातला सोपा मार्ग. फडकं जुन्या मलमलीचं किंवा धुऊन खळ काढलेल्या पंचाचं घ्यावं. नव्या कोऱ्या कापडाची खळ निवळीत उतरते.

आणखी एक फरक डोळ्यांना दिसत नाही. चक्क्याच्या निवळीत विरजणाचे जिवाणू जिवंत असतात. पनीरची निवळी तापलेली असते, त्यामुळे त्यात ते उरत नाहीत. म्हणून चक्क्याचं पाणी ठेवलं तर आंबत जातं, आणि पनीरचं पाणी बाहेर ठेवलं तर हवेतून जे पडेल ते त्यात वाढतं. एक आंबणं, दुसरं खराब होणं.

दूध तापवताना आपोआप नासलं तर? त्याचं पाणी आधी जिभेवर थेंबभर घेऊन बघावं. नुसतं आंबट असेल तर कढीत-पिठल्यात चालेल. कडवट लागलं, तार सुटत असेल किंवा वास कुबट असेल तर पाण्यासकट सगळं टाकावं. कडवटपणा उकळून जात नाही.

भांडी आणि साठवण

स्टील, काच किंवा चिनी माती. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात निवळी कळकते आणि ती पोटात जाणं धोक्याचं आहे. ॲल्युमिनियमही नको. लोखंडी कढईत फोडणी करायला हरकत नाही, पण निवळी त्यात अर्धा तास उकळली तर रंग काळपट आणि चव लोखंडाची.

पनीरची निवळी गार झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. मे महिन्यात ओट्यावर पाच-सहा तासही धोक्याचे. चक्क्याची निवळी फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, रोज थोडी जास्त आंबट होत. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरले तर दोन महिने सहज जातात. एक खडा म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, कढीला किंवा साराला मोजून घालता येतात. बाटलीत गोठवायची असेल तर वरती दोन बोटं जागा सोडा, नाहीतर बाटली फुटते.

पोळी, भाकरी, थालीपीठ

दोन वाट्या कणकेला (२५० ग्रॅम) पनीरची कोमट निवळी १५० ते १६० मिली लागते. गरमागरम निवळी ओतू नका. पिठातला स्टार्च अर्धवट शिजतो आणि कणीक हाताला चिकटत राहते. एक छोटा चमचा तेल, चिमूट मीठ, आणि भिजवल्यावर २० ते ३० मिनिटं झाकून. निवळीतल्या साखरेमुळे पोळीला डाग लवकर पडतात, म्हणून तवा नेहमीपेक्षा थोडा मंद ठेवावा. तवा कडक तापलेला असेल तर वरून करपलेली आणि आतून कच्ची, असा प्रकार होतो. डब्याच्या पोळ्यांना ही कणीक चांगली, दुपारपर्यंत मऊ राहतात.

चक्क्याच्या आंबट निवळीत पोळीची कणीक भिजवायचीच असेल तर निम्मं पाणी घालावं आणि तासाभरात पोळ्या करून मोकळं व्हावं. जिवाणू पिठातही काम चालू ठेवतात. चार तासांनी कणीक सैल पडते, लाटताना फाटते आणि पोळीला आंबूस वास येतो. पुरणपोळीच्या कणकेत कुठलीच निवळी नको.

ज्वारीच्या भाकरीला उकळती पनीरची निवळी चालते, चक्क्याची नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणावा लागतो. निवळी कोमट असेल तर भाकरी थापताना कडेला चिरणारच. विरी गेलेल्या पिठाला निवळीनंही चिकटपणा येत नाही, तेव्हा तो उपाय म्हणून करू नका.

थालिपिठाच्या भाजणीला मात्र चक्क्याची आंबट निवळी फार छान लागते. दोन वाट्या भाजणीला एक ते सव्वा वाटी. कांद्याला मीठ लावून ठेवलं असेल तर त्याचं पाणी सुटलेलं असतं, म्हणून निवळी एकदम न घालता शेवटची पाव वाटी हातात ठेवावी.

कढी

ताकाची कढी उकळली की फुटते, हे सगळ्यांना माहीत असतं. फुटतं ते ताकातलं केसीन: आंबट आणि उष्णता एकत्र आली की त्याच्या गुठळ्या होतात. निवळीत केसीन उरलेलंच नसतं, त्यामुळे नुसत्या निवळीची कढी खळखळून उकळली तरी फुटायचा प्रश्न नाही. तोटाही त्यातच आहे. अंग देणारं काही नसल्यामुळे ती पातळ पाण्यासारखी लागते.

मधला मार्ग असा: चक्क्याची निवळी ३ कप, घट्ट दही अर्धा कप, बेसन दीड मोठा चमचा. दह्यात बेसन, ठेचलेलं आलं-मिरची, मीठ आणि एक-दोन छोटे चमचे साखर घालून गुठळ्या जाईपर्यंत घुसळा. मग त्यात थोडी थोडी गार निवळी. तुपात जिरं, चार-पाच मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी करून त्यावर हे मिश्रण ओता आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा. उकळीनंतर मंद आचेवर पाच-सात मिनिटं, बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत. दही अजिबात घालायचं नसेल तर बेसन अडीच चमचे घ्या. निवळी फार आंबट झाली असेल तर निम्मं पाणी घाला. साखर वाढवून आंबटपणा झाकायला गेलं की कढी आंबट-गोड सरबतासारखी होते.

उकड

चक्क्याच्या निवळीचा सर्वांत चांगला उपयोग एकच सांगायचा तर ताकातली उकड. शिळ्या आंबट ताकाची जी चव लागते ती इथे आयती मिळते.

तांदळाचं पीठ १ वाटी, आंबट निवळी २ वाट्या, पाणी १ वाटी. पीठ आधी गार निवळीत आणि पाण्यात कालवून घ्या, मीठही त्यातच. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, ठेचलेल्या लसणाच्या सहा-सात पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. लसूण तांबूस झाला की आच मंद करून कालवलेलं पीठ ओता आणि हात न थांबवता ढवळा. दोन-तीन मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, तेव्हा झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं वाफ. मध्ये एकदा तळापासून परतायचं. उकड तुकतुकीत दिसली आणि ओल्या बोटाला चिकटली नाही की झाली. वाढताना वर शेंगदाण्याचं कच्चं तेल.

गुठळ्या होतात त्या कोरडं पीठ उकळत्या निवळीत टाकल्यामुळे. कच्चट लागते ती वाफ कमी पडल्यामुळे. तळाला लागते ती बुड पातळ असल्यामुळे. निवळीत साखर आहे, ती ताकापेक्षा आधी धरते. ताकात थोडं लोणी राहिलेलं असतं, निवळीत ते नसतं, म्हणून तेलात काटकसर करू नये.

याच चालीवर पातळ पिठलंही होतं: अर्धी वाटी बेसनाला दीड वाटी निवळी आणि अर्धी वाटी पाणी.

डाळ निवळीत शिजवू नका

सगळ्यांत जास्त फसतं ते इथे. कुकरमध्ये तुरीच्या डाळीत पाण्याऐवजी निवळी घातली तर चार शिट्ट्यांनंतरही डाळ दाणेदार राहते. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळलं तर डाळ मऊ होते. आंबट पाण्यात ते विरघळत नाही, आणि कॅल्शियममुळे उलट घट्ट होतं. निवळीत आंबटही आहे आणि कॅल्शियमही. टँकर किंवा बोअरचं जड पाणी येणाऱ्या सोसायट्यांत डाळ आधीच रुसलेली असते, तिथे तर विचारूच नका. हरभरे, राजमा, छोले, वाटाणे, सगळ्यांना हेच लागू.

म्हणून डाळ साध्या पाण्यात पूर्ण शिजवून, घोटून घ्यायची आणि मग निवळी. एक वाटी कच्च्या डाळीला एक वाटी निवळी, त्यानंतर पाच मिनिटं उकळी. फोडणीच्या वरणात लिंबाऐवजी हे चांगलं लागतं. चिंच-गूळ-गोडा मसाल्याच्या आमटीत मात्र निवळी घालू नये. चिंचेचा आणि दह्याचा आंबटपणा एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि गोड्या मसाल्याचा वास दबतो.

बटाट्याचंही तसंच. रश्श्यात कच्च्या फोडी आणि निवळी एकदम पडली तर बटाटा बराच वेळ कडक राहतो. फोडी शिजल्या की मग निवळी. उलट फोडी अख्ख्या हव्या असतील, सुक्या भाजीत त्या मोडायला नको असतील, तर हाच दुर्गुण कामाला येतो: उकडायच्या पाण्यात निम्मी निवळी घाला.

कळणाला हा नियम पाळायला सोपा जातो. मोड आलेले मूग किंवा मटकी पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून घ्या. त्याच्या दोन वाट्यांना एक वाटी चक्क्याची निवळी, दाटपणासाठी शिजलेले मूग चमचाभर ठेचून, आणि तुपात जिरं-लसूण-हिंगाची फोडणी. निवळी घातल्यावर एकच उकळी. वर कोथिंबीर.

चाकवताच्या किंवा पालकाच्या ताकातल्या भाजीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे असतात. ते आधी पाण्यात मऊ शिजवून घ्यायचे. भाजी उकडून, दोन चमचे बेसन लावून घोटायची आणि मग एका जुडीला दोन वाट्या निवळी. लवकर घातली तर डाळ टचटचीत राहते आणि हिरवा रंग मेंदीसारखा होतो, कारण आंबटात हरितद्रव्य टिकत नाही. थोडा गूळ हवाच.

भाताबद्दल थोडक्यात. मसालेभातात निम्मं पाणी आणि निम्मी पनीरची निवळी घातली तर शितं मोकळी राहतात. आंबेमोहोराच्या साध्या भातात घालू नये, ज्या वासासाठी तो तांदूळ घेतला तोच जातो.

निवळीतल्या मिरच्या

उन्हाळी वाळवणात ताकातल्या मिरच्यांसाठी दही किंवा ताक मुद्दाम आंबवावं लागतं. चक्क्याची निवळी आयती आंबट असते आणि तिच्यात केसीन नसल्यामुळे मिरचीवर पांढरा चिकट थर बसत नाही. मिरच्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि लवकर वाळतात.

जाड, कमी तिखट हिरव्या मिरच्या पाव किलो. मंडईत त्या एप्रिल-मे महिन्यांत वाळवणाच्या मिरच्या म्हणून मागितल्या की मिळतात. देठ ठेवून धुवा, पूर्ण कोरड्या करा, मधे उभी चीर द्या. दोन कप खूप आंबट निवळी, दोन सपाट मोठे चमचे मीठ (३० ग्रॅम), अर्धा छोटा चमचा हिंग, एक चमचा भाजलेल्या मेथीची पूड. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात मिरच्या बुडतील अशा रात्रभर ठेवा, वर ताटली आणि वजन.

सकाळी मिरच्या उपसून ताटात, दिवसभर गच्चीत कडक ऊन. निवळी सांडायची नाही, ती झाकून उन्हातच ठेवावी. संध्याकाळी मिरच्या पुन्हा त्याच निवळीत. असं तीन दिवस, निवळी जवळजवळ सगळी पिईपर्यंत. मग नुसतं ऊन, आणखी तीन-चार दिवस, मिरची वाकवल्यावर मोडेपर्यंत.

मधेच वळवाचा पाऊस आला तर मिरच्या घरात पंख्याखाली पसरून ठेवा, डब्यात भरू नका. अर्धवट वाळलेल्या मिरचीला एका रात्रीत बुरशी येते. बुरशी आलेली मिरची पुसून वापरू नये. मीठ कमी करण्याचा मोहही नको, टिकण्याचं काम तेच करतं. निवळीतल्या साखरेमुळे या मिरच्या पावसाळ्यात हवा ओढून सादळतात, तेव्हा बरणी घट्ट झाकणाचीच घ्या. तळतानाही तीच साखर भोवते: तेल मध्यम गरम, मिरची टाकली की काही सेकंदांत काढायची. बदामी रंगावर काढली की बाहेर थोडी अजून गडद होते. गवार आणि कारल्याच्या चकत्याही अशाच होतात.

पुढचं पनीर मागच्या पाण्यानं

एकदा निवळी उरली की पुढच्या पनीरला लिंबू लागत नाही. पनीरची निवळी कोमट झाल्यावर लिटरला एक छोटा चमचा दही घालून झाकून ठेवा. उन्हाळ्यात दहा-बारा तास, थंडीत पूर्ण दिवस. चांगली आंबट झाली की वापरायला तयार. दही न घालता नुसती बाहेर ठेवून आंबवायला जाऊ नका. पनीरच्या निवळीत विरजण नसतं, ते कारण वर आलंच आहे. चक्क्याची निवळी असेल तर हेही करावं लागत नाही.

एक लिटर दूध उकळून आच बंद करा, दोन मिनिटं थांबा, आणि गरम केलेली आंबट निवळी कपाकपानं घाला. साधारण दीड ते दोन कप लागते, कमी-जास्त आंबटपणावर. फ्रिजमधली गार निवळी थेट ओतली तर दुधाचं तापमान उतरतं आणि अर्धवट फाटतं. लिंबाचा झटका बसत नाही, हळूहळू फाटतं, म्हणून छेना मऊ होतो. बंगालात रसगुल्ल्याच्या छेन्यासाठी मिठाईवाले आंबवलेलं छेन्याचं पाणी वापरतात ते यासाठीच. घट्ट काप पडणारं पनीर हवं असेल तर सायट्रिक आम्लच बरं.

पनीर तळून भाजीत घालायचं असेल तर तळलेले तुकडे कोमट पनीरच्या निवळीत दहा मिनिटं टाका, लिटरला दीड छोटा चमचा मीठ घालून. मऊही होतात आणि आतपर्यंत मीठही लागतं. न वापरलेला पनीरचा तुकडा निवळीत बुडवून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो.

सोडा, आंबवण आणि इतर

रवा ढोकळ्याला एक वाटी रवा, एक वाटी चक्क्याची निवळी, वीस मिनिटं भिजवण, आणि वाफवायच्या अगदी आधी पाव छोटा चमचा सोडा. पनीरच्या निवळीत सोडा पुरेसा मारला जात नाही. ढोकळा साबणासारखा लागतो आणि हळद घातलेली असेल तर लाल ठिपके उठतात. तिथे अर्धं लिंबू पिळावं.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याची थंडी रात्री दहा-बारा अंशांवर उतरते आणि इडली-आंबोळीचं पीठ जागचं हलत नाही. लिटरभर पिठाला चक्क्याच्या ताज्या निवळीचे दोन-तीन मोठे चमचे घालून भांडं ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवा. वाटीभर निवळी घातली तर पीठ फुगण्याआधीच आंबतं आणि इडली आंबट पण दडस होते.

प्यायला चक्क्याची पहिल्या दोन-तीन तासांतली निवळी घ्यावी: गार करून, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेलं आलं, कोथिंबीर. लिंबानं फाडलेल्या पनीरची निवळी निम्म्या पाण्यात घालून सरबत करता येतं. दूध ज्यांना पचत नाही त्यांना निवळीही त्रास देते, दुग्धशर्करा तिच्यातच उतरलेली असते. दुधाची ॲलर्जी असेल तर कुठल्याच रूपात नको.

निवळी आटवून मिठाई करण्याच्या भानगडीत सहसा पडू नये. लिटरभर आटवून पाव लिटर उरली की दुग्धशर्करा पाण्यात मावेनाशी होते आणि गार झाल्यावर जिभेला वाळू लागावी तसे कण येतात. वर आंबटपणाही चौपट झालेला असतो. नॉर्वेत निवळी साय घालून आटवतात आणि तिचं तपकिरी गोड चीज होतं, पण ती मुळात गोडसर निवळी असते आणि आटवायला तासन्‌तास लागतात.

एवढं करूनही उरली तर कुंड्यांना, पण दहापट पाणी घालून आणि महिन्यातून एखाद्या वेळीच. नुसती ओतली तर मातीला आंबूस वास येतो, मुंग्या लागतात आणि तुळशीसारखी नाजूक झाडं माना टाकतात. मीठ घातलेली किंवा मिरच्यांची उरलेली निवळी झाडांना अजिबात नको, ती मोरीतच ओतावी.